चूक झाली तरी तिथं कोणी सांगणार नाही

पत्र: मी मिरजेची, वय 61. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. मुलगा सहा वर्षं टोकियोत नोकरीला आहे. तिथल्याच एका मुलीशी त्यानं लग्न ठरवलंय. मुलगी गोड आहे, व्हिडिओ कॉलवर मला ‘आई’ म्हणते. तिचे आईवडील ओकायामाला राहतात. त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावलंय, म्हणून नोव्हेंबरात बारा दिवसांसाठी निघालोय. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. ह्यांना मधुमेह आहे, माझे गुडघे दुखतात. परदेश कधी पाहिलेला नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, काही होत नाही, तू फक्त ये.’ पण आमच्या हातून काही वेडंवाकडं घडलं आणि त्याची मान खाली गेली तर? काय न्यावं, काय टाळावं? आणि पहिल्या भेटीत मुलीची ओटी भरली तर चालेल का? — एक आई, मिरज

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं, की तुम्ही प्रवासाला घाबरलेल्या नाहीत. तुम्हाला त्या घराच्या उंबऱ्याची धास्ती आहे. मी बरीच वर्षं जपानी शिकवलं, त्यातली काही वर्षं तिकडे राहिले, त्यामुळे त्या उंबऱ्याबद्दल मला थोडंफार सांगता येईल.

मुलगा म्हणतो ‘काही होत नाही’, ते निम्मं खरं आहे. परक्या माणसाच्या चुका जपानी लोक मनापासून माफ करतात. उरलेलं निम्मं असं, की चूक झाली हे ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. आपल्याकडे कोणी चपला घालून देवघराकडे निघालं तर चार जण ओरडतात, ‘अहो, चपला!’ ते बरं असतं, निदान कळतं. तिथं समोरचा हसून मान लववतो आणि मागाहून हळूच सगळं सारखं करून ठेवतो.

मी एका कुटुंबात पाहुणी म्हणून राहिले होते. घरात फिरायच्या सपाता वेगळ्या आणि संडासाच्या वेगळ्या, हे मला ठाऊक होतं. तरी पहिल्या दिवशी गडबडीत संडासाच्या सपाता पायात तशाच ठेवून मी बाहेर आले आणि थेट बैठकीच्या खोलीशी पोचले. घरातल्या आजी उठल्या, काहीतरी आणायला जावं तशा आत गेल्या, माझ्या घरातल्या सपाता घेऊन आल्या आणि माझ्या पायांशी जोडीनं ठेवल्या. चेहऱ्यावर काही नाही, तोंडातून शब्द नाही. मला उमगलं ते रात्री अंथरुणावर पडल्यावर. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली. कुठंही शिरले की अर्धा क्षण थांबायचं आणि पुढचा माणूस काय करतोय ते पाहायचं. तुम्ही इतकी वर्षं वर्ग सांभाळलाय, पोरांच्या नुसत्या नजरेवरून त्यांना काय हवंय ते ओळखलंय. हे तुम्हाला जमेलच. बाकी जे सांगते, ते पाहायचं कुठं याबद्दल आहे.

सगळ्या चुका सारख्या नसतात, हे आधी लक्षात घ्या. चॉपस्टिक नीट धरता आल्या नाहीत, वाकून नमस्कार कमी-जास्त झाला, याचं कोणाला काही वाटत नाही. पण मृत्यूशी जोडलेल्या काही गोष्टी आहेत, त्या घडल्या तर समोरच्याच्या मनात चर्र होतं. ते कसं, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. श्राद्धाला जानवं अपसव्य करतात आणि एरवी कोणी तसं घालत नाही, अगदी तोच प्रकार. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, कारण मृताला वाढलेल्या भातात तशा खोचतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. नवरोबांना काही चाखायला द्यायचं असेल तर त्यांच्या ताटलीत ठेवा. हॉटेलात युकाता मिळतो, म्हणजे किमोनोसारखा सुती अंगरखा. तो गुंडाळताना डावी बाजू उजवीच्या वर आली पाहिजे, उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात. आणि फुलं न्यावीशी वाटली तर शेवंती नको. आपल्याकडे ती देवाला, गजऱ्याला, तोरणाला लागते. तिकडे पांढरी-पिवळी शेवंती अंत्यविधीची. चार हा आकडाही टाळा. त्याचा एक उच्चार ‘शि’, आणि मृत्यूलाही ‘शि’च म्हणतात. भेटीत चार वस्तू नकोत, तीन न्या नाहीतर पाच.

आता त्या घरी जाऊ.

दिलेली वेळ दोनची असेल तर दोनला किंवा दोन-तीन मिनिटं उशिरा घंटी वाजवा. दहा मिनिटं आधी पोचलात तर खाली थांबा. लवकर जाणं म्हणजे घरच्या बाईची तारांबळ. अंगावर कोट असेल तर तो दाराबाहेरच काढून हातावर घ्या. दार उघडलं की आत एक लहानसा सखल भाग असतो, त्याला ‘गेन्कान’ म्हणतात. बूट तिथं काढायचे आणि एक पायरी वर चढून घरात यायचं. बूट काढलेला पाय त्या सखल जमिनीला टेकवायचा नाही, थेट वरच ठेवायचा. मग वाकून बुटांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची. हे करताना यजमानांकडे पूर्ण पाठ होऊ देऊ नका, जरा तिरपं वाका. गुडघ्यामुळे वाकणं जमत नसेल तर सोडून द्या, यजमानीणबाई स्वतःच करतील.

चपला बाहेर काढायच्या ही तर आपलीच रीत. फरक एवढाच, की आपण मग अनवाणी फिरतो. तिथं दुसऱ्याच्या घरी उघड्या पायांनी जाणं बरं दिसत नाही, त्यामुळे मोजे हवेत. तुम्ही साडी नेसणार असाल (जरूर नेसा, त्यांना फार आवडेल) तर अंगठा वेगळा असलेले मोजे मिळतात, ते चपलेतही जातात. ह्यांचे मोजे मात्र निघायच्या आधी एकेक तपासा. अंगठ्याशी विरलेला मोजा आपल्या घरी कोणी बघत नाही, तिथं सगळ्यांची नजर खाली बुटांपाशीच असते. बंदांचे बूट नकोत. दिवसातून दहा वेळा काढावे-घालावे लागतील, सरकवून घालता येतील असेच घ्या.

आत पाऊल टाकताना म्हणायचं, ‘ओजामा शिमासु’. शब्दशः अर्थ, ‘तुम्हाला त्रास द्यायला आले हं’. अगदी आपल्या बायका दारातून म्हणतात तसंच, म्हणून हे वाक्य तुमच्या तोंडी चटकन बसेल. तातामी म्हणजे गवताच्या चटयांची खोली असेल तर तिथं घरातल्या सपाताही काढायच्या. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं आहे. चटईच्या कापडी काठावरही देऊ नये. बसायला उशी दिली तर तिच्यावर उभं राहू नका. भिंतीत एक कोनाडा असेल, त्यात चित्र टांगलेलं आणि फुलं मांडलेली असतील. तिथं पर्स ठेवायची नाही, आपण देव्हाऱ्यात ठेवत नाही तशी. पाहुण्याला दारापासून सगळ्यात लांबची जागा देतात. ‘नको नको, मी इथंच कडेला बसते’ असं एकदा म्हणा, दुसऱ्यांदा मुकाट्यानं बसा.

गुडघ्यांचं मुलाकडून आत्ताच कळवा. ‘आईला जमिनीवर बसता येत नाही’ एवढं सांगितलं की खुर्ची तयार असेल. ऐनवेळी सांगितलंत तर ती माणसं अपराधी होऊन घरभर धावतील. खाली बसायची वेळ आलीच तर तुम्ही पाय एका बाजूला घेऊन बसा, ह्यांनी मांडी घातली तरी चालेल.

भेटवस्तू दारात द्यायची नाही. सगळे स्थिरस्थावर झाले की पिशवीतून काढायची, तिचं तोंड त्यांच्याकडे करायचं आणि दोन्ही हातांनी द्यायची. देताना ते लोक म्हणतात, ‘अगदीच क्षुल्लक आहे, पण...’ आपण फूल ना फुलाची पाकळी म्हणतो तेच. तुम्ही मराठीत म्हणा, मुलगा सांगेल. ते तुमच्यासमोर उघडणार नाहीत. बाजूला ठेवून देतील, याचं मनाला लावून घेऊ नका. देणाऱ्यादेखत उघडू नये असा तिथला जुना संकेत आहे.

द्यायचं काय? लहान, हलकं आणि सुबक बांधलेलं. तुम्ही सांगली-मिरजेच्या, तेव्हा सांगलीचे बेदाणे न्या. चांगल्या डब्यातले, कंपनीचं लेबल असलेले आणि बंद. पैठणीच्या कापडाची लहान पिशवीही छान. बेदाण्यांचा डबा त्याच कापडात बांधून दिलात तर ते कापड जपून ठेवतील, कारण कापडात भेट बांधायची त्यांची स्वतःची कला आहे. कोल्हापुरी चपलांचा विचार मनात आला असेल, तो मात्र सोडा. वडीलधाऱ्यांना पादत्राणं देणं तिथं अपमानाचं धरतात. आणि भेटवस्तूंचा ढीग नको. जेवढं जड द्याल तेवढी परतफेडीची चिंता त्यांना लागते. लग्नात देण्याघेण्याची वेळ पुढे येईल तेव्हा एक गंमत कळेल. आपण 501 देतो तसे तेही नोटा विषम संख्येत देतात, दोन समान वाटे होऊ नयेत म्हणून.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मराठी माणसाची खरी अडचण तिथंच होते. ‘शाकाहारी’ एवढं सांगून काम भागत नाही. मांस नको म्हटलं तर मासे वाढतील, मासे नको म्हटलं तरी ‘दाशी’ राहतेच. दाशी म्हणजे सगळ्या जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी असलेलं पाणी. समुद्रातली कोंबु नावाची वनस्पती आणि सुकवलेल्या बोनिटो माशाचे कागदासारखे पातळ काप पाण्यात उतरवून ते करतात. मिसो सूपमध्ये ते आहे, नूडल्सच्या रश्शात आहे, शिजवलेल्या मुळ्या-भोपळ्यात आहे, टोफूवरच्या सॉसमध्येही असतं. ताटात मासा दिसत नाही, पण असतो. वाढणाऱ्या बाईच्या मनात फसवणूक नसते. तिच्या लेखी ते नुसतं चवीचं पाणी.

म्हणून माझा सल्ला असा, की त्या घरी जेवायला जाऊच नका, चहाला जा. मुलाला सांगा, दुपारी दोन-अडीचची वेळ ठरव. तिच्या आईवरचं दडपण जाईल आणि तुमचंही. चहाबरोबरच्या जपानी मिठाया बहुतेक लाल अझुकी डाळीचं गोड पुरण आणि तांदळाचं पीठ यांच्या असतात, त्या तुम्हाला बिनधास्त चालतील. ओकायामाचे किबिदांगो प्रसिद्ध आहेत, मऊ, तांदळाच्या पिठाचे आणि साखरेचे. फक्त केकसारखं काही दिसलं तर त्यात अंडं असतं. ह्यांच्या साखरेचं गणित तुम्ही जाणताच, एक खाऊन थांबावं. चहा हिरवा, दूध-साखरेशिवायचा. कडवट लागला तरी दोन घोट घ्या. पेला रिकामा केलात की ते पुन्हा भरणार. पुरे झालं असेल तर अर्धा भरलेलाच राहू द्या, हाच तिथला ‘पुरे’. आणि आपल्यासारखा आग्रह नको. समोरच्यानं एकदा नको म्हटलं की पुन्हा ताट पुढे करायचं नाही.

जेवायचंच ठरलं तर निदान दोन आठवडे आधी लेखी कळवा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, माशाची दाशी नाही, कोंबुची दाशी चालेल. ही शेवटची ओळ महत्त्वाची, तिच्यामुळे स्वयंपाक करणाऱ्याला वाट सापडते. जेवणाआधी सगळे हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात, तुम्हीही जोडा. नूडल्स खाताना सुर्र आवाज केला तर चालतं. ढेकर मात्र चालत नाही, तृप्तीचा असला तरी. ह्यांना हे आठवणीनं सांगा.

बाकीच्या दिवसांत पोटाचं काय? कोपऱ्याकोपऱ्यावर चोवीस तास उघडी असणारी दुकानं आहेत. तिथं ओनिगिरी म्हणजे भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात. आंबट उमेबोशीचे, म्हणजे खारवलेल्या फळाचे बघा, नाहीतर नुसत्या मिठाचे, आणि वेष्टनावरचा मजकूर मुलाकडून किंवा भाषांतराच्या ॲपनं वाचून घ्या. बौद्ध मठांतलं शोजिन र्‍योरी हे जेवण परंपरेनं मांस-मासे-अंडी नसलेलं, त्यात कांदा-लसूणही नसतो. क्योतोत आणि कोया पर्वतावरच्या मठांत ते मिळतं. आरक्षण करतानाही दाशीचं विचारून घ्या. टोकियोत तर निशि-कासाई भागात इतके भारतीय राहतात, की डाळ-तांदळाची ददात नाही. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. त्याच वॉर्डात 2019 साली योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस नगरसभेवर निवडून आला होता.

घरून काय न्याल? भडंग, चकल्या, दशम्या, लाडू, मेतकूट खुशाल न्या. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं, ताजी फळं, कच्चा तांदूळ यांतलं काहीही नको. वनस्पती आणि फळांबद्दलचे तिथले विमानतळावरचे नियम कडक आहेत, कुत्री पिशव्या हुंगत फिरतात. जे नेलंय ते विचारलं की सरळ सांगायचं. औषधं एक महिन्यापुरती नेता येतात, त्यामुळे ह्यांच्या गोळ्यांची अडचण नाही. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी घ्या आणि गोळ्या पाकिटातच ठेवा. सर्दी-खोकल्याची औषधं मात्र नीट बघा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या यांवर तिथं कडक बंधनं आहेत. आपल्याकडे सहज मिळतं म्हणून पिशवीत टाकू नका. इथली विजेची किटली किंवा शेगडीही नको. तिथं वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची किटली तिथं पाचव्या हिश्श्याच्या ताकदीनं चालेल, चहाचं पाणी तापता तापत नाही. हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. मोबाइलचा चार्जर चालतो, फक्त दोन चपट्या पिनांचा जोड लागेल.

प्रवासाचं मुलगा बघेल, पण दोन-तीन गोष्टी तुमच्या कानावर असू द्या. टोकियोहून ओकायामाला शिन्कान्सेननं, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेननं, सव्वातीन तास लागतात. सगळे रेल्वेचा पास काढायला सांगतील. 2023 च्या ऑक्टोबरात सात दिवसांच्या पासची किंमत 29,650 येनवरून 50,000 येनवर गेली, तेव्हापासून असा एकच मोठा फेरा असेल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर जात असेल तर त्या गाडीत खास जागेचं आरक्षण लागतं. त्यापेक्षा मोठ्या बॅगा ‘ताक्क्युबिन’ या तिथल्या कुरिअरनं पुढच्या हॉटेलला पाठवा. बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतात, आणि तुमच्या गुडघ्यांना जिने चढताना ओझं नको.

गाडीत फोनवर बोलायचं नाही. नुसतं हळू नव्हे, बोलायचंच नाही. तुम्ही लिहिलं नाहीत, पण आपल्याकडचे बहुतेक पुरुष फोनवर पलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं बोलतात, म्हणून सांगते. भाऊ-बहिणींना ‘पोचलो’ म्हणायचं ते फलाटावर उतरून. मला विचाराल तर चॉपस्टिकच्या साऱ्या नियमांपेक्षा हे मोठं. जपानमधल्या बऱ्याचशा रीती एका गोष्टीपाशी येतात, आपल्यामुळे शेजाऱ्याला तोशीस पडू नये. त्यासाठी त्यांच्याकडे ‘मेइवाकु’ असा शब्दच आहे. रस्त्यात कचऱ्याचे डबे क्वचित दिसतील. 1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर पुष्कळ ठिकाणचे डबे काढून टाकले. पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवा, दिवसभराचा कचरा तिच्यात. दुकानात पैसे हातात न देता समोरच्या लहान तबकात ठेवायचे. बक्षिशी कुठंच नाही, ठेवलीत तर मागे धावत येऊन परत देतील. पासपोर्ट कायम जवळ हवा, तो तिथला कायदा आहे.

संडासाबद्दल आपल्या बायका विचारायला लाजतात, म्हणून मीच सांगते. पाण्याची सोय बहुतेक ठिकाणी आहे, बटण दाबलं की फवारा येतो. युरोपात जी पंचाईत होते ती इथं नाही. कागद वापरलात तर तो तिथंच टाकून पाणी सोडायचं. फक्त कुठलंही बटण दाबण्याआधी चित्र बघा, एखादं मदत बोलावण्याचं असतं.

घरी राहायचा आग्रह झाला तर स्नानाचं समजून घ्या. टबातलं गरम पाणी सगळ्या घराचं असतं. बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ आंघोळ उरकायची, मगच टबात शेकायला बसायचं, आणि निघताना ते पाणी सोडून द्यायचं नाही. पाहुण्याला पहिला मान देतात, म्हणजे तुमच्यानंतर सगळं घर त्याच पाण्यात उतरणार. गरम झऱ्यांच्या सार्वजनिक स्नानगृहात बायका-बायका असल्या तरी अंगावर कपडा नसतो. नको वाटलं तर गुडघ्याचं कारण पुढे करा, कोणी मनाला लावून घेत नाही. जमलंच तर कुटुंबापुरतं भाड्यानं मिळणारं स्नानगृह घ्या. त्या पाण्यानं गुडघ्यांना फार आराम पडतो.

आता ओटी. तुमचा हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला. भरा, जरूर भरा, पण त्या घरी पहिल्या दिवशी नको. तिच्या आईवडिलांना तो काय विधी आहे, त्यानंतर काय करायचं, मुलगी आत्ताच तुमच्या घरची झाली का, काहीच कळणार नाही, आणि विचारणार तर मुळीच नाहीत. टोकियोत मुलाच्या घरी भरा. आधी मुलाकडून तिला अर्थ सांगू दे. पदर कसा धरायचा, खाली काय येणार, हळदकुंकू कुठं लावणार. तांदूळ तिथलेच घ्या, खण इथून न्या. मग तिच्यासमोर खाली बसायचं की उभं राहून भरायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडाविशी वाटतील, तीही मोडा, ती तुम्हाला आई म्हणते. तिच्या आईवडिलांच्या मात्र गळ्यात पडायचं नाही, हातही धरायचा नाही. कमरेत थोडं वाकून नमस्कार, तो झाला की पुरे.

त्या बैठकीत मुहूर्त, कुंडली, दागिने, लग्न कुठं करायचं, यातलं काही काढू नका. मुहूर्ताचं त्यांना वावडं नाही. त्यांच्या दिनदर्शिकेतही ‘ताइआन’ हा शुभ दिवस असतो, आणि ‘बुत्सुमेत्सु’ या अशुभ दिवशी लग्न नको म्हणणारे लोक आजही आहेत. पण ते पुढचं. पहिल्या भेटीत फक्त एकमेकांना बघायचं. आणि त्यांचा नकार ओळखायला शिका. ‘नाही’ असं ते तोंडावर म्हणत नाहीत. ‘जरा अवघड आहे’, ‘विचार करतो’, किंवा नुसतं ‘चोत्तो...’ म्हणून श्वास आत ओढला, की समजायचं नाही. उलट ‘हाइ, हाइ’ म्हणाले म्हणजे कबूल केलं असं नव्हे. आपण फोनवर ‘हं, हं’ करतो तसं ते, ऐकतोय एवढंच.

बोलायचं काय, ही काळजी असेल तर एक करा. निघायच्या आधी पुण्याला एक चक्कर मारा. सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, 2006 साली सुरू झालेलं. पुणेकर त्याला ओकायामा बागच म्हणतात, कारण ती तुमच्या व्याह्यांच्या गावातल्या कोराकुएन बागेवरून घडवली आहे. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदारानं 1700 साली पुरी केली. जपानमधल्या तीन नामांकित बागांत तिची गणना होते. पुण्याच्या बागेतल्या पुलावर तुम्ही दोघांनी उभं राहून एक फोटो काढा आणि त्याची प्रत सोबत न्या. चहा झाल्यावर तो समोर ठेवा. त्यांच्या गावची बाग तुमच्या मुलखात आहे हे पाहिल्यावर बोलणं काढावं लागणार नाही. दुसऱ्या दिवशी तेच तुम्हाला खरी बाग दाखवायला नेतील.

टोकियोत एक सकाळ मोकळी ठेवा आणि आसाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात जा. तिथला देव आपला गणपती आहे. बौद्ध धर्माबरोबर फिरत फिरत तिकडे पोचलेला, तिथं त्याला ‘कांगितेन’ म्हणतात. नैवेद्य मोदकांचा नाही, पांढऱ्या मुळ्याचा. देवळातच मुळे विकत मिळतात. मूर्तीचं दर्शन मात्र होत नाही, ती कायम बंद कपाटात असते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खूप वेळ उभी राहिले, पडदा उघडेल म्हणून. मग बाजूच्या एका आजीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मुळा ठेवला, हात जोडले, डोळे मिटले आणि निघाल्या. मीही तेच केलं. तिथं टाळ्या वाजवायच्या नाहीत. टाळ्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवस्थानांत वाजवतात, दोनदा वाकून, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकून. बौद्ध देवळात नुसते हात जोडायचे. आतले फोटो काढायचे नाहीत.

ओकायामाच्या घरून निघताना वेळ लावू नका. आपल्याकडे निरोप दारात अर्धा तास चालतो. तिथं त्यांच्या संध्याकाळची घडी आधीच बसलेली असते, तेव्हा दोन तास झाले की तुम्हीच उठा. ते तुम्हाला सोडायला बाहेर रस्त्यावर येतील आणि तुम्ही दिसेनासे होईपर्यंत उभे राहतील. मोटारीत बसून पटकन मुलाशी बोलायला लागू नका. गल्लीच्या वळणाशी मागे वळून बघा. दोघंही तिथंच असतील, वाकलेली. तुम्हीही तिथूनच एकदा वाका.